डोमाजीचं डोकं फोटोत नव्हतं

मंदा टेबलावर मांडलेल्या बारा फोटोंकडे पाहत होती. मी काउंटरमागे उभा राहून शाबासकीची वाट पाहत होतो. दोन दिवस खपून मी ते फोटो काढले होते. काढले म्हणजे प्रिंट केले. कॅमेऱ्यानं काढले होते तिनंच.

"काका," ती शेवटी म्हणाली, "हे माझे फोटो नाहीत."

"निगेटिव्ह तूच आणून देल्ल्या होत्या न?"

"दिल्या होत्या. पण मी असे काढलेच नव्हते."

"तेच तं. तू वाकडे काढले होते. मी सरळ करून देले."

मला वाटलं, आता तरी हसेल. ती खाली बसली. जवळ स्टूल होतं, तरी फरशीवर बसली.

सत्तर सालाच्या पुढची ही गोष्ट आहे. इतवारीत भांड्यांच्या गल्लीतून आत गेलं की माझा स्टुडिओ होता. समोर काच, मध्ये पडदा लावलेली फोटोची खोली, मागे अंधारखोली. माझं शिक्षण चौथी, तेही पूर्ण नाही. पण अख्ख्या नागपुरात माझ्यासारखं सरळ प्रिंट काढणारे तेव्हा दोनच होते. दुसरा वारला.

माझे उस्ताद गफूरभाई. त्यांच्याकडे मी नऊ वर्षं हायपोच्या, म्हणजे फोटो पक्का करायच्या औषधाच्या, बादल्या उचलल्या, मग कुठे कॅमेऱ्याला हात लावायला मिळाला. त्यांचे नियम तोंडी होते. कोणत्या पुस्तकात होते ते मला माहीत नाही, बहुतेक नसावेत. डोक्याच्या वर चार बोटं जागा. माणूस ज्या बाजूला पाहतो त्या बाजूला जागा जास्त. हातपाय कापायचेच झाले तर सांध्यावर नाही, "जोड पे तो कसाई काटता है" असं ते म्हणत. जमीन ताटातल्या पाण्यासारखी सपाट. आणि ज्याचा फोटो, त्याचं तोंड दिसलं पाहिजे.

चार बोटांचं कारण मी एकदा विचारलं होतं. उस्ताद म्हणाले, हा माणूस एक दिवस मरणार आहे. घरचे हाच फोटो मोठा करतील, भिंतीवर लावतील, वरून माळ घालतील. जागा नसली तर माळ कपाळावर येते. मग तो माणूस जन्मभर, म्हणजे मेल्यावरही, फुलाआडून पाहत बसतो.

ते मला पटलं. आजही पटतं. ज्या नियमाला असं कारण आहे तो नियम मोडणारा माणूस शहाणा कसा, हे मला आजपर्यंत नीट कळलं नाही. म्हणूनच हे लिहून ठेवतो.

मंदा पाचपावलीच्या कोष्टी वस्तीतली. बाप डोमाजी हातमागावर लुगडी विणायचा. पोरगी चित्रकलेच्या शाळेत शेवटच्या वर्षाला होती आणि फोटोग्राफी तिचा परीक्षेचा विषय होता. आदल्या वर्षी ती त्याच विषयात नापास झाली होती. डोमाजीनं साफ सांगून टाकलं होतं, या खेपेला गेली तर शाळा बंद, कोंढाळीचं स्थळ आलेलं आहे, लग्न करून मोकळं व्हायचं. परीक्षा अशी की स्वतः काढलेले बारा मोठे फोटो शाळेच्या हॉलमध्ये लावायचे आणि मुंबईहून आलेले साहेब ते पाहून मार्क देणार. शाळेचा एन्लार्जर बिघडला होता. म्हणून ती माझ्याकडे आली.

ज्यांनी अंधारखोली पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. एन्लार्जर म्हणजे उभा दिवा. त्याच्या पोटात निगेटिव्ह ठेवायची, खाली फळीवर कागद ठेवायचा. उजेड निगेटिव्हमधून खाली पडतो आणि कागदावर मोठं चित्र उमटतं. आता खरी गंमत अशी की दिवा वर-खाली केला की चित्र लहान-मोठं होतं, आणि कागद तिरपा ठेवला की वाकडं चित्र सरळ होतं. नको तो भाग कागदाच्या बाहेर पडू द्यायचा. कॅमेऱ्यात झालेली चूक निम्मी तरी इथे निस्तरता येते. माझं नाव होतं ते या निस्तरण्यासाठीच. लग्नात कोणी कसेही फोटो काढून आणो, माझ्या अंधारखोलीतून ते सरळ होऊन निघत.

मंदानं निगेटिव्हच्या पट्ट्या दिल्या, एक चिठ्ठी दिली, चिठ्ठीवर बारा नंबर. एक बारा बाय पंधराच्या कागदाचं खोकं दिलं, पंचवीस कागदांचं. त्या दिवसांत तो कागद मिळत नव्हता. सीताबर्डीचे दुकानदार मोजून पाच-पाच द्यायचे, तेही ओळखीनं. तिनं कोणाला तरी कलकत्त्याहून आणायला लावला होता.

मी पट्ट्या उजेडाला धरून पाहिल्या आणि मला दया आली.

गल्लीचा फोटो होता, अख्खी गल्ली एका बाजूला कललेली, जणू घरं घसरून राहिली. एक म्हातारी होती, ती पार कोपऱ्यात, बाकी सगळी कोरी भिंत. एक बकरी फोटोच्या बाहेर चालली होती, तोंड बाहेर, मागचं अंग आत. आणि डोमाजी मागावर बसलेला. उघडं अंग, हात, धोटा पळवायची दोरी, धोटा, सगळं झकास. पण मानेच्या वर काही नाही. डोकंच कापलं होतं.

मी मनात म्हटलं, पोर नापास काहून झाली ते आता समजलं.

मग मी माझ्या परीनं तिला पास करायला घेतलं. गल्ली सरळ केली. म्हातारीला मोठी करून मधोमध आणली, भिंत सोडून दिली. बकरीचं काही होण्यासारखं नव्हतं, पण त्याच पट्टीत बाजूला दुसरी फ्रेम होती, त्यात अख्खी बकरी होती. ती घेतली. डोमाजीचंही तसंच. बाजूच्या फ्रेममध्ये तो कॅमेऱ्याकडे पाहत होता, टोपी नीट, वर बरोबर चार बोटं जागा. ती घेतली. बहुतेक फोटोंना मनासारखे उतरेपर्यंत दोन-दोन कागद लागले. एकवीस कागद गेले. मागे माझ्या स्टुडिओचा रबरी शिक्का मारला. तो शिक्का मी वाकड्या कामावर कधी मारला नाही.

आणि आता ती फरशीवर बसून होती.

"मागच्या वर्षी मी असेच लावले होते," ती म्हणाली. "अगदी असेच. सरळ. मधोमध. साहेबांनी लिहिलं, असे फोटो कोणत्याही स्टुडिओत मिळतात."

हे मला लागलं. मी म्हणालो, "कोणत्याही स्टुडिओत नाही मिळत."

"काका, मी मुद्दाम तसे काढले होते."

"वाकडे?"

"हो."

"मुद्दाम?"

"हो न."

"बापाचं डोकं तू मुद्दाम कापलं?"

तिनं मान डोलावली. मी पण स्टुलावर बसलो.

"तुमच्या शाळेत काही नियम शिकवतात का नाही वं पोरी?"

"शिकवतात न. फोटोवर मनातल्या मनात दोन उभ्या अन् दोन आडव्या रेघा मारायच्या. जिथं रेघा एकमेकींले कापतात तिथं मुख्य गोष्ट ठेवायची. मधोमध नाही ठेवायची."

"म्हणजे तुमच्यातही नियम आहेत."

"आहेत."

"मग ते शिकता अन् मोडता?"

"हो."

"मग शिकता काहून?"

"काय मोडलं ते कळाले पाहिजे म्हणून."

मी तिला उस्तादांची माळ सांगितली. चार बोटांचं कारण सांगितलं. तिनं पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाली, "लहानपणी मी मागाच्या समोर, ताण्याच्या सुताखाली बसून राहायची. बाबाचं डोकं वरच्या दांड्याआड. मले दिवसभर हातच दिसत. बाबा म्हटलं की मले आधी हात आठवतात, तोंड नंतर."

"मग दांडा कापायचा होता," मी म्हणालो. "डोकं काहून कापलं?"

ती उठली. डोळे पुसले. "परवा सकाळी परीक्षा आहे. मले माझे फोटो पाहिजेत. पूर्ण निगेटिव्ह, कडेपासून कडेपर्यंत. जसे आहेत तसे."

"साहेब नापास करतीन."

"करू द्या. पण माझ्या फोटोंवर करू द्या. तुमच्या फोटोंवर नापास होऊन मी कोंढाळीले नाही जात."

कागद चार उरले होते. फोटो बारा लागणार होते.

माझ्याकडे त्याच मापाचं एक खोकं होतं. दहा कागद. लकडगंजच्या एका लाकूड व्यापाऱ्याच्या मुलीच्या लग्नासाठी मी ते राखून ठेवलं होतं आणि त्याला शब्द दिला होता. मी कपाटाकडे पाहिलं. मंदानं पाहिलं नाही, तिला माहीतच नव्हतं. मी काही बोललो नसतो तर ती तशीच निघून गेली असती, आणि निघालीच होती.

माफी मागायची मला सवय नव्हती. ते मला जमतही नव्हतं. मी कपाट उघडलं आणि खोकं टेबलावर आपटलं.

"उद्या सकाळी ये," मी म्हणालो. "जसे पाहिजे तसे काढतो. पण शिक्का नाही मारणार."

"नका मारू," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी अंधारखोलीत आम्ही दोघं. दारावर रजई टांगलेली, लाल दिवा, पंखा नाही. चौदा कागद, बारा फोटो. म्हणजे चुकायची सवड दोनच कागदांची. एक कागद पट्ट्या कापून अंदाज घेण्यात गेला. किती सेकंद उजेड द्यायचा ते आधी तुकड्यावर पाहावं लागतं. दुसरा म्हातारीत गेला. त्या कोऱ्या भिंतीचा रंग तिला जसा पाहिजे होता तसा पहिल्या वेळी आला नाही.

"काय पाहिजे त्या भिंतीत?" मी विचारलं. "भिंतीत काहीच नाही."

"ते काहीच नाही तेच दिसलं पाहिजे."

"तू जे म्हणून राहिली ते तुले तरी समजते का?"

"अर्धं," ती म्हणाली.

हे उत्तर मला आवडलं. अर्धं समजणारा माणूस निदान खोटं बोलत नाही.

पण मला राग होता. गल्ली वाकडी ठेवताना हात आपोआप कागद फिरवायला जात होता आणि ती "राहू द्या काका" म्हणत होती. दर फोटोला तेच. शेवटी डोमाजी उरला. कागदही एकच उरला. मी पट्टी उचलली, एन्लार्जरमध्ये सरकवली, आणि खरं सांगतो, त्या फोटोकडे पाहिलंच नाही. बघवत नव्हतं. वेळ माहीत होती, कागद ठेवला, उजेड दिला, कागद औषधात टाकला. हात उमटले, धोटा उमटला, मान उमटली. तिथे चित्र संपलं.

"झालं तुझं मनासारखं?" मी म्हणालो.

तिनं लाल उजेडात पाहिलं. "बहुत बरोबर आलं," ती म्हणाली.

शनिवारी सकाळी मी हॉलमध्ये गेलो. कशाला गेलो? लोकांना मी सांगत असे की पोरीला धीर द्यायला गेलो. आता वय झालं, खोटं कशाला सांगू. ती नापास होते ते पाहायला गेलो. म्हणजे ती नापास व्हावी असं नव्हतं. पण साहेबांनी एकदा तरी म्हणावं, डोकं कापायचं नसतं. मग मी तिला घरी नेऊन बायकोच्या हातचा चहा पाजला असता.

डोमाजी आलेला होता. धुतलेलं धोतर, काळी टोपी. हॉलमधल्या पोरापोरींमध्ये तो अंग चोरून उभा होता. मला पाहून त्याला बरं वाटलं.

"कसे वाटते गा फोटोवाले भाऊ?" तो हळूच म्हणाला. "आमच्या पोट्टीचं काही जमन का?"

"पाहू," मी म्हणालो.

मुंबईचे साहेब आले. उंच, पांढरा कुर्ता, हातात वही. बाकी पोरांच्या फोटोंपुढून ते भरभर गेले. मंदाच्या भिंतीपुढे आले आणि थांबले. गल्लीपुढे थांबले. म्हातारीपुढे इतका वेळ थांबले की मला वाटलं, त्यांना भिंतीत काही दिसलं. मग डोमाजीपुढे.

"हा पाहा," ते बाकीच्या पोरांना म्हणाले. "डोकं नाही, तरी माणूस आहे. आणि हा वर गेलेला हात पाहा. तो उजव्या बाजूला आहे म्हणून नजर दोरीबरोबर वर ओढली जाते. हाच हात डाव्या बाजूला असता तर फोटो मेला असता. हे फार धाडसाचं काम आहे."

मंदा खाली पाहत होती. मला वाटलं, लाजली.

तेवढ्यात डोमाजी पुढे सरकला. त्यानं आपला फोटो पहिल्यांदा जवळून पाहिला. मान वाकडी करून पाहिला. मग स्वतःचे दोन्ही हात पुढे धरून पाहिले.

"साहेब," तो म्हणाला, "हा मी नाही."

साहेबांनी वही खाली केली.

"हे तुमचे वडील ना?" साहेबांनी मंदाला विचारलं.

"मी तिचा बाप हावो," डोमाजी म्हणाला, "पण हा मी नाही. दोरी मी उजव्या हातानं ओढतो. सारेच उजव्या हातानं ओढतात. हा डाव्या हातानं ओढून राहिला. असा कोष्टी आमच्या वस्तीत नाही."

मी फोटो पाहिला आणि चूक दिसली.

निगेटिव्हला दोन बाजू असतात. एक चकचकीत, एक मळकी. एन्लार्जरमध्ये चकचकीत बाजू वर ठेवायची. उलटी ठेवली तर चित्र आरशातल्यासारखं येतं, डावं उजवीकडे आणि उजवं डावीकडे. ही शिकाऊ पोराची चूक आहे. मी ती बावीस वर्षांत केली नव्हती, कारण माणसाच्या फोटोत ती लगेच कळते. सदऱ्याची बटणपट्टी, लुगड्याचा पदर, केसांचा भांग, मनगटावरचं घड्याळ, काही ना काही ओरडून सांगतं. डोमाजीच्या अंगावर सदरा नव्हता, घड्याळ नव्हतं. भांग असता, तर डोकं नव्हतं. आणि मी तर पाहतच नव्हतो.

साहेब मंदाकडे पाहत होते. त्यांच्या तोंडावरचं कौतुक उतरलं होतं. त्यांना काय वाटत होतं ते मला समजलं. एक तर पोरीला स्वतःचा फोटो उलटा आहे हे कळलं नाही, नाही तर तिनं साहेबाला फसवलं. दोन्हींत ती गेली होती. आणि तिच्यामागे डोमाजी उभा, त्याला समजलंच नव्हतं की आपण काय बोलून बसलो. तो बिचारा खरं तेच बोलला होता.

मी गप्प राहिलो असतो तर कोणाला कळणार होतं? मागे शिक्का नव्हता.

"साहेब," मी म्हणालो, "तो प्रिंट माझा आहे. निगेटिव्ह उलटी लागली. पोरीनं बरोबरच काढला होता. चूक माझी."

"चूक माझी" हे मी तोवर कोणालाच म्हटलं नव्हतं. बायकोलाही नाही.

साहेबांनी मला वरून खाली पाहिलं. "आपण कोण?"

"इतवारीत स्टुडिओ आहे."

त्यांनी मंदाला विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

मला वाटलं, नाही म्हणेल. नाही म्हणाली असती तर सगळं माझ्यावर आलं असतं आणि ती सुटली असती.

"हो सर," ती म्हणाली. "काल संध्याकाळी लावताना दिसलं."

"मग तसाच का लावला?"

"कागद नव्हता सर."

कोणी तरी मागे हसलं. साहेब हसले नाहीत.

"आणि कागद असता तर?"

मंदानं फोटोकडे पाहिलं. "काल असता तर बदलला असता," ती म्हणाली. "आज सकाळी इथं उभी राहून पाहिला. आज असता तर नसता बदलला."

साहेबांनी वहीत काही तरी लिहिलं आणि वही मिटली. मी त्यांच्या मागे दारापर्यंत गेलो. मला राहवलं नाही.

"साहेब, एक विचारू का? आमचा उस्ताद म्हणायचा, डोकं कापायचं नाही. तुम्ही म्हणता, मुद्दाम कापलं तर चालते. हे पोरीनं मुद्दाम केलं अन् हे माझ्या हातून चुकून झालं. तुम्ही दोन्हीले एकच शाबासकी देली. मग चूक अन् मुद्दाम केलेलं, हे तुम्हाले फोटोतून कसं कळते?"

साहेब थांबले. माझ्याकडे पाहिलं, मागे वळून फोटोकडे पाहिलं.

"इथे चहा कुठे चांगला मिळतो?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं.

मंदा पास झाली. फार मार्क नव्हते, पण पास. कोंढाळीचं स्थळ परत गेलं. लकडगंजच्या व्यापाऱ्याला मी लग्नाचे फोटो लहान कागदावर काढून दिले. त्याच्या मुनीमानं मला दुकानात उभं करून चार लोकांसमोर ऐकवलं. ते मी ऐकून घेतलं. शब्द माझा मोडला होता, त्याचं काही चुकलं नव्हतं.

परीक्षेनंतर मंदा बाराही फोटो घेऊन दुकानात आली.

"शिक्का मारा," ती म्हणाली.

"वाकड्यांवर नाही मारत."

"मग उलट्यावर मारा. तो तं तुमचाच आहे."

मी मारला. त्यावर मारला, बाकीच्यांवर नाही. तो फोटो डोमाजीनं घरात ठेवू दिला नाही. डावखुरा माणूस मी घरात नाही लावत, म्हणाला. म्हणून तो माझ्या स्टुडिओत आला. पुढे गिऱ्हाइकं विचारत, याचं डोकं कुठं गेलं? मी म्हणायचो, दांड्याआड आहे. लोक दांडा शोधत बसत. कधी कधी गिऱ्हाईक नसताना मीही त्या फोटोसमोर उभा राहत असे. हात बरा वाटतो, हे मी नाकारत नाही. का बरा वाटतो ते सांगता येत नाही. एकदा मी निगेटिव्ह मागून आणून सरळ बाजूनं प्रिंट काढून पाहिला, दोन्ही शेजारी ठेवले. उलटाच बरा वाटला. मग दुकानातला दिवा दुसऱ्या बाजूला ठेवला, तेव्हा सरळ बरा वाटला. मग मी दुकान बंद करून घरी गेलो.

एकदा एका लग्नात मीही मुद्दाम नवरदेवाचा फेटा वरून कापून पाहिला. नवरदेवाच्या मामानं तो फोटो माझ्या हातात परत दिला.

काही वर्षांनी डोमाजी वारला. मंदा तेव्हा एका शाळेत ड्रॉइंग शिकवत होती. ती स्टुडिओत आली, भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं आणि म्हणाली, "काका, तो पहिला होता न. तुम्ही चुकून काढला होता तो. टोपीवाला, समोर पाहणारा."

"चुकून नव्हता काढला."

"तोच. आहे का?"

होता. ते पहिले बारा मी फेकले नव्हते. सरळ काम मी फेकत नाही. मी पुसून दिला. वर चार बोटं जागा होती. पुढे तिच्या घरी गेलो तेव्हा पाहिलं, माळ बरोबर बसली होती, कपाळ मोकळं होतं.

तेव्हा कोण बरोबर होतं ते मला विचारू नका. नवीन पोरांना मी दोनच गोष्टी सांगत आलो. डोक्याच्या वर चार बोटं जागा ठेवा. आणि फोटो कितीही वाकडा असो, आवडो न आवडो, निगेटिव्हची चकचकीत बाजू वर आहे की नाही ते पाहूनच दिवा लावा.